क्रूझवरून शहरं आणि वास्तू बघताना: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रूझचं बुकिंग झालं की आपल्याकडे पहिली चौकशी जेवणाची होते आणि दुसरी समुद्र लागण्याची. या पानावर त्या दोन्ही गोष्टी फारशा नाहीत. इमारती, देवळं, चर्च, मशिदी, किल्ले आणि पूल बघायला जहाजाने निघालेल्यांसाठी हे पान आहे. वास्तू बघत हिंडणाऱ्या आमच्या गटात नौपाड्यापासून नेरुळपर्यंतची मंडळी आहेत. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न आणि आम्ही देत आलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मतं आमची आहेत, पटली नाहीत तर सोडून द्या.

जहाज सकाळी लागतं आणि संध्याकाळी सुटतं. तेवढ्यात शहर बघून होतं का?

नाही होत. एक इमारत, तिच्या भोवतीचा परिसर आणि तिथून धक्क्यापर्यंतचा रस्ता एवढं मात्र छान बघून होतं. जहाज बंदरात साधारण आठ ते दहा तास असतं. उतरण्याच्या रांगेत अर्धा-पाऊण तास जातो, सुटण्याच्या आधी अर्धा ते एक तास परत चढावं लागतं. मधलं जेवण, पाणी, स्वच्छतागृह धरलं तर हातात पाच-सहा तास उरतात. एवढ्या वेळात ‘दहा ठिकाणं’ दाखवणारी बस तुम्हाला दहा वाहनतळ दाखवते.

मग सरळ विमानाने का जाऊ नये?

रोम, फ्लॉरेन्स, पॅरिस हीच तुमची यादी असेल तर खुशाल विमानाने जा. तिथे चार दिवस राहा.

जहाज घ्यायचं ते वेगळ्या शहरांसाठी. काही शहरांनी आपला दर्शनी भाग मुळात पाण्याकडे ठेवला, कारण त्या काळी पाहुणा, व्यापारी आणि शत्रू तिघेही समुद्रातूनच यायचे. राजवाडा, जकातघर, तोफांचा बुरूज, मोठं प्रार्थनास्थळ हे सगळं येणाऱ्या गलबताला दिसेल असं मांडलेलं असायचं. विमानतळावरून टॅक्सीने शिरलं की आपण अशा शहराच्या परसदारातून आत येतो. शहर बांधणाऱ्याने ते जिथून बघितलं जावं म्हणून बांधलं, तिथून बघायची सोय जहाज करतं. क्रूझच्या बाजूने आमच्याकडे हा एकच मुद्दा आहे. जलतरण तलाव आणि जादूचे प्रयोग आम्ही त्यात मोजत नाही.

अशी पाण्याकडे तोंड करून बसलेली शहरं कोणती?

आमची आवडती चार सांगतो. क्रम महत्त्वाचा नाही.

माल्टाचं व्हॅलेटा. किल्ल्यांची आवड असलेल्या मराठी माणसाने हे बंदर चुकवू नये. १५६५ मध्ये तुर्की आरमाराचा वेढा उठल्यावर सेंट जॉनच्या सरदारांनी (ख्रिस्ती लढवय्यांच्या संघाने) १५६६ मध्ये या शहराचा पाया घातला. आधी तटबंदीचा विचार, मग आत आखीव-रेखीव काटकोनी रस्ते. आपल्याकडे सिडको १९७० मध्ये आली. हे नियोजित शहर तिच्या चारशे वर्षं आधीचं. जहाज थेट ग्रँड हार्बरमध्ये शिरतं आणि पिवळसर चुनखडीचे प्रचंड बुरूज दोन्ही अंगांनी जवळ येत जातात. तट चढून जायचे नसतील तर धक्क्याच्या बाजूने वर, शहरातल्या बागेपर्यंत नेणारी ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे. वर सेंट जॉनच्या को-कॅथेड्रलमध्ये काराव्हाज्योचं १६०८ चं मोठं चित्र आहे. बाहेरून अगदी कोरडं, किल्ल्यासारखं दिसणारं हे चर्च आतून सोन्याने मढवल्यासारखं आहे. तो फरक अनुभवायचा तर आधी बाहेर दोन मिनिटं थांबा, मगच आत जा.

इस्तंबूल. मार्मारा समुद्रातून येताना आधी मिनार दिसतात, मग घुमट, मग टोपकापी राजवाड्याची झाडी. जहाज काराकोय भागातल्या गलाटापोर्टला लागतं आणि तिथून ट्रामने सुलतानअहमत गाठता येतं. तिथल्या आया सोफियाबद्दल, म्हणजे मूळच्या चर्चबद्दल आणि आताच्या मशिदीबद्दल, पुढे सविस्तर लिहिलं आहे.

लिस्बन. जहाज तागुस नदीत शिरतं तेव्हा बेलेंचा बुरूज दिसतो. तो १५१४ ते १५१९ या काळातला, दगडात कोरलेल्या दोरखंडांनी वेढलेला. मग १९६६ च्या झुलत्या पुलाखालून जायचं आणि शहराचा मोठा चौक नदीकडे उघडलेला बघायचा. १७५५ च्या भूकंपात हा सगळा भाग जमीनदोस्त झाला होता. नव्याने बांधताना भिंतींच्या आत लाकडी चौकटींचे पिंजरे घातले, म्हणजे पुन्हा धक्का बसला तर इमारत हलेल पण कोसळणार नाही. भूकंपाचा विचार करून आखलेल्या युरोपातल्या अगदी सुरुवातीच्या बांधकामांत याची गणना होते. बाहेरून बघणाऱ्याला ती चौकट दिसत नाही. पण एकसारख्या, साध्या, फारशी नक्षी नसलेल्या त्या इमारतींच्या रांगा बघताना हे माहीत असावं.

सिडनी. इथे सर्क्युलर कीच्या एका बाजूला जहाज उभं राहतं आणि समोर ऑपेरा हाउस. धक्का आणि वास्तू यांच्यात इतकं थोडं अंतर आम्हाला दुसरीकडे फारसं माहीत नाही. डॅनिश वास्तुविशारद योर्न उत्झनने १९५७ ची स्पर्धा जिंकली, पण मतभेद होऊन १९६६ मध्ये तो काम सोडून गेला. २० ऑक्टोबर १९७३ रोजी इमारतीचं उद्‌घाटन झालं आणि पूर्ण झालेली इमारत त्याने कधीच प्रत्यक्ष पाहिली नाही. वेगवेगळ्या आकारांची दिसणारी ती सगळी शिडं एकाच काल्पनिक गोलाचे तुकडे आहेत. हे सुचलं म्हणून ती बांधता आली. लांबून पांढरी वाटणारी त्यांची पृष्ठं दहा लाखांहून अधिक फरशांची आहेत, चकचकीत आणि मंद अशा दोन प्रकारच्या. त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी ती वेगळी दिसतात.

डेकवर कोणत्या बाजूला उभं राहायचं?

हा खरा कामाचा प्रश्न, आणि बुकिंग करताना कोणी सांगत नाही. जहाज ज्या दिशेने चाललंय तिकडे तोंड करून बघा.

लिस्बनला येताना बेलें आणि शहर डाव्या हाताला. उजवीकडे दोन्ही हात पसरलेला ख्रिस्ताचा पुतळा. इस्तंबूलला मार्मारातून बॉस्फरसमध्ये वळताना जुनं शहर डावीकडे. व्हॅलेटाला उलट, शहर उजवीकडे आणि सेंट अँजेलोचा किल्ला डावीकडे. सिडनीत आत येताना ऑपेरा हाउस डावीकडे. मुंबईहून निघताना जहाज दक्षिणेकडे जातं, म्हणून गेटवे आणि ताज उजवीकडे.

बहुतेक जहाजं पहाटे बंदरात शिरतात. आदल्या रात्री स्वागतकक्षात विचारा की पायलट किती वाजता चढणार. पायलट म्हणजे बंदरातला वाटाड्या. तो चढला की पुढचा साधारण तासभर बघण्याचा. बाल्कनीच्या खोलीसाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा त्या वेळी सगळ्यात वरच्या डेकवर पुढच्या बाजूला उभं राहा. तिथून दोन्ही काठ दिसतात, बाल्कनीतून एकच.

वेळापत्रकात ‘रोम’ लिहिलंय. जहाज रोमला जातं ना?

नाही जात. ते चिविताव्हेकियाला जातं, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. हा सगळ्याच कंपन्यांचा रिवाज आहे, त्यामुळे गावाच्या नावापुढे बंदराचं नाव शोधायची सवय लावून घ्या. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, तिथून ऐंशी-नव्वद किलोमीटर. ‘लंडन’ बहुधा साउदॅम्प्टन, सव्वाशेच्या आसपास. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, दोनशेच्या घरात. ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंडे, त्याहूनही लांब. पॅरिसचा दिवस म्हणून विकलेल्या दिवसात निम्मा वेळ बसमध्ये जातो.

अथेन्स मात्र सुखाचं. पिरेयस बंदरातून मेट्रोने मोनास्तिराकी आणि तिथून चालत अक्रॉपोलिस ही प्राचीन देवळांची टेकडी.

आमचा आग्रह असा की लांबच्या बंदराला लागलात तर ते बंदरच बघा. ल हाव्रचंच उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेलं हे शहर ओग्यूस्त पेरे या वास्तुविशारदाने काँक्रीटमध्ये पुन्हा उभं केलं आणि २००५ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. सेंट जोसेफ चर्चचा १०७ मीटरचा काँक्रीटचा मनोरा आत उभं राहून वर बघितलात तर रंगीत काचांच्या हजारो तुकड्यांतून उजेड खाली झिरपताना दिसतो. काँक्रीट म्हणजे कुरूप अशी ज्यांची समजूत सीवूड्सच्या बाल्कनीत बसून झाली आहे, त्यांनी हे जरूर बघावं.

व्हेनिसला जहाज सॅन मार्को चौकासमोरून जातं, तो व्हिडिओ पाहिलाय. तसं अजून दिसतं का?

मोठ्या जहाजांना नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना जुदेक्का कालव्यातून आणि सॅन मार्कोसमोरून जायला बंदी आहे. आम्हाला ती योग्यच वाटते. आता मोठी जहाजं मार्गेराच्या औद्योगिक धक्क्याला किंवा रावेन्ना, त्रिएस्तेसारख्या दुसऱ्याच बंदरांना लागतात.

रावेन्ना आलं तर हिरमुसून जाऊ नका. तिथल्या सान व्हिताले चर्चमध्ये सहाव्या शतकातली मोझेइक आहेत, बारीक रंगीत काचतुकड्यांची, आणि त्यात सम्राट जस्टिनियन स्वतः उभा आहे. हाच तो सम्राट ज्याने कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, आया सोफिया बांधवली. आया सोफिया ५३७ मध्ये पूर्ण झाली आणि सान व्हिताले ५४७ मध्ये अर्पण केलं गेलं. एकाच फेरीत रावेन्ना आणि इस्तंबूल दोन्ही असतील तर बांधवणाऱ्याचा चेहरा एका बंदरात आणि त्याचं काम दुसऱ्या बंदरात बघायला मिळतं.

एकच इमारत बघायची म्हणता. तासभर तिथे करायचं काय? आम्ही काही आर्किटेक्ट नाही.

आर्किटेक्ट नसलेलंच बरं, ते लगेच आपापसात भांडायला लागतात. आम्ही नव्या सभासदांना तीनच गोष्टी शोधायला सांगतो. वरचं वजन खाली कसं येतं, दगड-माती कुठली, आणि नंतर कोणी काय बदललं.

आया सोफियावर हे लावून बघू. घुमटाचा व्यास साधारण ३१ मीटर, जमिनीपासून उंची पंचावन्नच्या आसपास. त्याच्या कडेला चाळीस खिडक्या आहेत आणि त्यांतून उजेड आला की घुमट खालच्या भिंतींना टेकलेलाच नाही असं वाटतं. पण वजन तर कुठेतरी उतरलंच पाहिजे. चौकोनी खोलीवर गोल घुमट ठेवायचा तर चार कोपऱ्यांत तिकोनी, वाकलेले तुकडे लागतात. तेच वजन चार खांबांकडे नेतात. ते चार कोपरे शोधा, मग बाजूचे अर्धघुमट मुख्य घुमटाला कसा टेका देतात ते बघा. पहिला घुमट ५५८ मध्ये कोसळला होता, ५६२ पर्यंत तो अधिक उंच करून पुन्हा बांधला. उंच केल्याने बाहेरच्या बाजूला ढकलणारा जोर कमी झाला.

आता बदल. १४५३ मध्ये चर्चची मशीद झाली, विसाव्या शतकात संग्रहालय, २०२० मध्ये पुन्हा मशीद. मिनार नंतरचे, मोठ्या गोल तक्त्यांवरची अरबी अक्षरं नंतरची, वरच्या सज्जातली ख्रिस्ताची मोझेइक आधीची. सध्या परदेशी पर्यटकांना तिकीट काढून वरच्या सज्जात सोडतात, खालचा भाग नमाजासाठी आहे. एका जागी उभं राहून दीड हजार वर्षांचे थर मोजता येतात. तास कमी पडतो.

रोमचं पँथिऑन हे प्राचीन देऊळही याच पद्धतीने बघा. ४३.३ मीटर व्यासाचा घुमट, काँक्रीटचा आणि आत लोखंडी सळई नाही. वर जाता जाता काँक्रीट पातळ होत जातं आणि त्यातली खडी हलकी होत जाते, शेवटी तर तिथे प्युमिससारखा सच्छिद्र ज्वालामुखी दगड आहे. मधोमध उघडं भोक आहे. पाऊस आत पडतो आणि जमिनीतल्या छिद्रांतून वाहून जातो.

युरोप परवडत नाही. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर बघण्यासारखं काही आहे का?

आहे, आणि ते जहाजात चढण्याआधीच सुरू होतं. क्रूझचा धक्का बॅलार्ड पिअरला आहे आणि बाहेरचा बॅलार्ड इस्टेट हा समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवरचा, वास्तुविशारद जॉर्ज विटेटच्या देखरेखीखाली आखलेला भाग. सगळ्या इमारती साधारण एका उंचीच्या, रस्ते रुंद, कोपरे सांभाळलेले. रविवारी सकाळी तिथे चिटपाखरू नसतं, तेव्हा बघावा. याच विटेटचं गेटवे. १९११ च्या राजभेटीची आठवण म्हणून ठरलं आणि उद्‌घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ रोजी. राजा आला तेव्हा तिथे कमान नव्हतीच. पिवळ्या बेसॉल्टच्या त्या कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश तुकडी निघून गेली. बोटीत कोणीतरी हमखास सांगतं की शेजारचं ताज उलटं बांधलं गेलं. ती निव्वळ दंतकथा आहे.

गोवा आणि कोचीला जाणारी कॉर्डेलियासारखी जहाजं इथूनच सुटतात. गोव्यात जहाज मुरगावला लागतं. तिथून जुनं गोवं तीस-पस्तीस किलोमीटर. बहुतेक जण समुद्रकिनाऱ्यावर जातात, तुम्ही जुन्या गोव्याला जा. बॉम जेझूच्या चर्चचा लाल दर्शनी भाग म्हणजे आपला कोकणातला जांभा. त्यावर पूर्वी गिलावा होता, विसाव्या शतकात तो काढला आणि तेव्हापासून पावसाचा मारा दगडावर थेट होतो. समोरच्या से कॅथेड्रलला एकच मनोरा आहे, दुसरा १७७६ मध्ये पडला. तिथून मांडवीच्या काठाकडे चालत गेलात की व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाच्या पणतूने, फ्रान्सिस्को द गामाने, व्हाइसरॉय असताना ती उभारली. जहाजातून उतरलेला प्रत्येक नवा व्हाइसरॉय याच कमानीतून शहरात शिरायचा. मूळ कमान पडली, १९५४ मध्ये ती पुन्हा बांधली.

कोचीला सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्कोची पहिली कबर आहे. तो १५२४ मध्ये कोचीत वारला, १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. पुढे कधी लिस्बनला गेलात तर जेरोनिमोस मठात त्याची आताची समाधी बघा. मट्टनचेरीचं सिनेगॉग १५६८ चं. त्याच्या जमिनीवर चिनी, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. शनिवारी ते बंद असतं, आणि शेजारचा मट्टनचेरी राजवाडा शुक्रवारी. फेरीची तारीख निवडताना हे बघून घ्या.

नदीवरची क्रूझ समुद्रावरच्या क्रूझपेक्षा बरी का?

वास्तू बघायच्या असतील तर हो, निःसंशय. बोट लहान असते, गावाच्या मध्यावर लागते, शिडी उतरलात की शहर सुरू. कोलोनला धक्क्यापासून कॅथेड्रल काही मिनिटांवर. १२४८ मध्ये सुरू झालेलं हे बांधकाम सोळाव्या शतकात थांबलं, अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन शतकानुशतकं तशीच उभी होती आणि काम संपलं १८८० मध्ये. आपल्या ठाण्यातल्या रखडलेल्या पुनर्विकासाला नावं ठेवणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावं.

डॅन्यूबवर बुडापेस्टची संसद रात्री दिव्यांत बघणं हा या फेरीचा मोठा क्षण असतो. मधोमध ९६ मीटरचा घुमट आणि दोन्ही बाजूंना टोकदार गॉथिक शिखरं. सीएसएमटीची आठवण होतेच. फ्रेडरिक स्टीव्हन्सचं सीएसएमटी आधीचं, १८८८ च्या सुमारास पूर्ण झालेलं. बुडापेस्टचं काम १८८५ मध्ये सुरू होऊन १९०४ पर्यंत चाललं. दोन्हीकडे मध्ययुगीन चर्चची भाषा सरकारी कामासाठी वापरली आहे. फरक एवढाच की तिथे लोक बोटीचं तिकीट काढून बघायला जातात आणि आपण ८:२२ पकडायला धावतो.

उन्हाळ्यात पाणी उतरलं तर ऱ्हाइन आणि डॅन्यूबवर बोटी अडकतात आणि काही टप्पे बसने करावे लागतात, हे बुकिंग करताना विचारून घ्या.

जहाजाकडूनची सहल घ्यावी की आपापलं फिरावं?

धक्का शहरातच असेल तर आपापलं. लांब असेल तर जहाजाची सहल. कारण साधं आहे. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, तुमची टॅक्सी अडकली तर थांबत नाही. मग पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने जा. स्वतः फिरताना परतीच्या वेळेच्या दोन तास आधी धक्क्याच्या आसपास असावं.

आणि घड्याळ! काही जहाजांवर जहाजाची वेळ आणि गावाची वेळ वेगळी असते. मोबाइल आपोआप गावाची वेळ दाखवतो. उतरताना शिडीपाशी लिहिलेली वेळ बघून मनगटी घड्याळ लावा.

तिकिटं आधी काढायची का?

मोठ्या वास्तूंची हो. अक्रॉपोलिसला ठरावीक वेळेचंच तिकीट मिळतं आणि दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाचं तिकीट ऑनलाइनच निघतं. १८८२ मध्ये सुरू झालेलं आणि वास्तुविशारद गाउदीने १८८३ पासून १९२६ मध्ये मरेपर्यंत हातात ठेवलेलं हे चर्च अजून बांधलं जातंय. तिथे सकाळची वेळ घेतली तर पूर्वेकडच्या निळ्या-हिरव्या काचा पेटतात, दुपारची घेतली तर पश्चिमेकडच्या लाल-नारिंगी. जहाज उशिरा लागू शकतं म्हणून लागण्याच्या वेळेनंतर किमान तीन तासांची फट ठेवा. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद असतात.

गुडघे दुखतात. जमेल का?

बंदर निवडलं तर जमेल. सिडनी, व्हॅलेटा (लिफ्टमुळे) आणि कोची सोपी. अक्रॉपोलिसच्या वाटेवरचा संगमरवर पावलांनी घासून गुळगुळीत झाला आहे, ओला असेल तर धोकादायक. लिफ्ट आहे पण ती गरजूंसाठी, आधी विचारावं लागतं. लिस्बन म्हणजे चढच चढ. डुब्रोव्निकच्या तटावरची १,९४० मीटरची फेरी सुंदर, पण पायऱ्या खूप आणि सावली नाही. वेळापत्रकात ‘टेंडर’ लिहिलेलं असेल तर जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीत उतरावं लागतं. हलत्या बोटीत पाऊल टाकायची भीती वाटत असेल तर असं बंदर टाळा.

कपड्यांचं काय?

चर्च, मशीद दोन्हीकडे खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. मशिदीत बायकांना डोकंही झाकावं लागतं. सलवार-कमीज आणि ओढणी हा यावरचा उत्तम तोडगा आपल्याकडे आधीपासूनच आहे. साडी नेसून दगडी पायऱ्या चढायची सवय असलेल्या काकूंना आम्ही काही सांगायला जात नाही.

व्हिसा एकदाच प्रवेशाचा चालेल का?

फेरी शेंगेन देशांतून (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतून) बाहेर पडून परत आत येणार असेल तर चालणार नाही. इटली, मग तुर्कस्तान, मग ग्रीस अशा फेरीला एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागतो, तुर्कस्तानचा वेगळा. अर्ज भरताना जहाजाचं पूर्ण वेळापत्रक जोडा.

सोबत खाऊ नेऊन बंदरावर उतरता येतं का?

बंद पाकिटातला सुका खाऊ बहुतेक ठिकाणी चालतो. फळं, शिजवलेलं अन्न जहाजाबाहेर न्यायला बऱ्याच देशांत मनाई असते. नाश्त्याच्या टेबलावरचं केळं पिशवीत टाकू नका, ऑस्ट्रेलियात तर मुळीच नाही.

ठाण्याहून किंवा नवी मुंबईहून बॅलार्ड पिअरला कसं पोचायचं?

सामान कमी असेल तर लोकलने सीएसएमटी आणि तिथून टॅक्सी. मोठ्या बॅगा असतील तर ठाण्याहून पूर्व द्रुतगती मार्गाने ईस्टर्न फ्रीवे पकडा, तो थेट डी’मेलो रोडला उतरवतो. सकाळी कार्यालयांच्या वेळेत निघू नका, एवढंच.

निघण्याआधी डोळ्यांना सराव म्हणून इथे काय बघता येईल?

भरपूर आहे. पोर्तुगिजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला ठाण्याचा किल्ला आता कारागृह आहे, त्यामुळे बाहेरूनच. वसईचा किल्ला मात्र आतून हिंडता येतो. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. बेलेंचा बुरूज बघण्याआधी वसईतल्या छत उडालेल्या चर्चच्या भिंती, कमानी आणि खिडक्यांच्या चौकटी बघून ठेवल्या तर लिस्बनला ओळखीचं काही दिसतं. ठाण्याचं सिनेगॉग १८७९ चं, बेने इस्रायली समाजाचं. कोचीला जाण्याआधी त्याला एक भेट द्या, अर्थात परवानगी विचारून. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० चं. त्याचं शिखर पडलंय, म्हणूनच शिखराचे थर कसे रचलेले असतात ते कळायला ते बरं. आणि बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज, चार्ल्स कोरियांचं. लहान लहान घरांचे गट, मध्ये अंगण, रहिवाशांनी आपापल्या सोयीने वाढवलेले मजले. ‘नंतर कोणी काय बदललं’ हा आमचा तिसरा प्रश्न तिथे फार छान सुटतो.

पाण्यातून बघायचा सराव हवा असेल तर गेटवेहून घारापुरीची बोट घ्या, सोमवार सोडून. साधारण तासाभराचा प्रवास. जाताना बोटीच्या मागच्या बाजूला बसा.